समर्थचा घाम

रक्त झालं, शी झाली, छातीचे फोटो झाले, आता म्हणे पोराचा घाम तपासायचा. हे ऐकून हौसाला हसू यायला हवं होतं, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. वैशाखात रत्नागिरीला येऊन घाम शोधायचा म्हणजे विहिरीत उभं राहून पाणी कुठे मिळेल असं विचारण्यातला प्रकार. तिची स्वतःची पाठ एसटीतच चिंब झाली होती.

संगमेश्वरच्या आतल्या गावातून सकाळची पहिली गाडी, मग संगमेश्वरला बदलून दुसरी. शेजारी सून वेदिका बसलेली, आणि हौसाच्या मांडीवर वर्ष उलटून गेलेला नातू समर्थ. पोर इतकं हलकं की मांडीवर आहे ना, हे मधूनमधून वाकून बघावं लागे. बाप सर्वेश मुंबईला. त्याने सुट्टी मागितली तर साहेब म्हणाला, "घाम तपासायला बाप कशाला लागतो?" तेव्हा नेहमीप्रमाणे दोघी बायकाच निघाल्या.

हौसाचं आयुष्य सांगायचं तर फार वेळ लागत नाही. साठीला टेकलेली बाई. नवरा मुंबईला गोदीत होता. शिमग्याला आणि गणपतीला पाहुण्यासारखा यायचा, आणि पाहुण्यासारखाच चार दिवस ऐसपैस बसून जायचा. पेरणीआधी शेत भाजायची भाजावळ, लावणी, कापणी, काजू गोळा करणं, रानातून लाकडं आणणं हे सगळं हौसाच्या डोक्यावर. नवरा गेला तेव्हा गावाने हळहळ केली, पण हौसाच्या रोजच्या दिवसात तसा काही फरक पडला नाही. खरं दुःख तिला त्याच्याही आधी होऊन गेलं होतं. सर्वेशच्या पाठीवर तिला दोन मुलगे झाले, रघू आणि सागर. दोघंही गेले. रघू चालायला लागून गेला, सागर तर बसायलाही शिकला नाही. सासू म्हणाली, हिच्या दुधातच दोष. दुसऱ्या दिवशी लावणी होती, हौसा चिखलात उतरली.

आता समर्थचं तेच चाललं होतं. खायचा राक्षसासारखा आणि अंगाला लागायचं नाही. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काटक्या. शी तेलकट, आणि वास असा की शेजारीण दार लावून घ्यायची. खोकला तर पाचवीला पुजलेला. देवरुखच्या डॉक्टरांनी आधी जंत म्हटलं, मग टीबी म्हणून औषधं दिली. ती संपली, खोकला संपला नाही. गावात देवाला कौल लावला, गुरवाने सांगितलं ते सगळं केलं. वाडीतल्या बायका मात्र देवापर्यंत गेल्याच नाहीत, त्यांनी थेट वेदिकेला धरलं. आजकालच्या पोरींना पोर वाढवता येत नाही, हातात मोबाइल, मग पोराच्या तोंडात घास कुठून जाणार! हौसा त्या बायकांना चांगलं फैलावर घ्यायची. पण रात्री आडवी झाली की मनात यायचं, देवा, असूदे वेदिकेचाच अडाणीपणा. अडाणीपणाला इलाज असतो. ते दुसरं मात्र नको.

ते दुसरं काय, हे तिने कधी कोणाजवळ काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, हौसाच्या मुठीत मात्र दोन पोरांची माती होती.

दवाखान्यात घामाची तपासणी करणाऱ्या बाईचं नाव सुमेधा. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं, आवाज मऊ. हे यंत्र येण्याआधी पोरांना घेऊन लोकांना मुंबई गाठावी लागे, असं ती म्हणाली. तिने समर्थचा हात आधी पाण्याने पुसला, कोरडा केला, आणि त्यावर औषधाचे दोन लहान गोल ठेवून पट्ट्याने बांधले. पट्ट्यांतून दोन वायरी निघून एका डबीत गेल्या होत्या.

"यातून बारीक करंट जातो," सुमेधा म्हणाली.

"करंट? पोराला?" हौसा उठूनच उभी राहिली.

"मुंग्या आल्यासारखं वाटतं आजी, बाकी काही नाही. औषध कातडीत उतरतं आणि तेवढ्याच जागेला घाम फुटतो. तो घाम आपल्याला हवाय."

समर्थ रडला, पण त्याचं रडणंही आता दमलेलं असे, चार हुंदके देऊन आटोपायचं. पट्टे सोडले तेव्हा हाताच्या गोऱ्या कातडीवर रुपयाएवढा लालभडक डाग उठला होता. असा डाग पडतो, तासाभरात जातो, असं सांगून सुमेधाने तो पुन्हा पाण्याने स्वच्छ पुसला. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी तिला हाक मारली. "हाताला काही लागू देऊ नका हं," म्हणून ती दारापर्यंत गेली.

तो लाल डाग हौसाला बघवेना. सकाळपासून किती लोकांच्या नजरा ह्या पोरावर पडल्या! गाडीत एक बाई तर म्हणालीच होती, "अगं बाई, केवढंसं हे!" हौसाने कमरेला खोचलेली पुडी काढली. मीठ-मोहरी ती घरूनच घेऊन निघाली होती, पोराला गावाबाहेर न्यायचं तर ती लागतेच. पटकन मूठ पोरावरून उतरवली, पुटपुटली, आणि मिठाचं बोट त्या लाल डागावर दाबून चोळलं. वेदिकेने ते पाहिलं. तिलाही तो डाग बघवत नव्हता, तिने अडवलं नाही. सुमेधा परत आली तेव्हा पुडी कमरेला होती आणि हौसाचा चेहरा देवळातून आल्यासारखा.

सुमेधाने डागावर एक छोटी वाटोळी चकती बांधली. तिच्यात केसासारखी बारीक नळी गुंडाळलेली. घाम आला की निळा होऊन त्या नळीत चढतो म्हणे. पंखा बंद केला, पोराला शालीत गुंडाळलं. चौघंही उकडत बसले आणि निळा धागा इंचाइंचाने पुढे सरकताना बघत राहिले. हौसाने उभ्या जन्मात एवढा घाम गाळला, पण त्याच्याकडे असं टक लावून कोणी बघितलं नव्हतं.

मग सुमेधा ती नळी आतल्या यंत्राकडे घेऊन गेली. परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आजी, खरं सांगा. पोराच्या हाताला काही लावलंत?"

हौसाने पदर कमरेच्या पुडीवर ओढला. वेदिकाच खाली मान घालून म्हणाली, "मीठ. दृष्ट काढली."

सुमेधा स्टुलावर बसली. रागवावं एवढंही बळ तिच्यात उरलेलं दिसत नव्हतं. "अहो, ह्या तपासणीत आम्ही घामातलं मीठच मोजतो, ते जास्त निघालं तर आजार. आला तो आकडा जिवंत माणसाच्या घामात येणंच शक्य नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. हौसाला मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं.

"म्हंजे त्यो आकडा खोटा? माज्या मिठामुळं आला?"

"पहिला खोटाच धरायचा. आता दुसऱ्या हातावर पुन्हा करू."

"माजाच दोष मग. पोराला काय नाय. मीच लावला मीठ, माज्याच हातानं." हे ती अशा आनंदाने सांगत होती की कोणाला वाटावं, तिला कसलं बक्षीस मिळालंय. जन्मभर नसलेले दोष तिने पदरात घेतले होते, हा एक खराखुरा दोष तिला साखरेहून गोड लागला. वेदिकासुद्धा हसली. पिशवीतली भाकरी काढून दोघींनी खाल्ली, समर्थला पेज भरवली. मग सुमेधाने हौसाला बेसिनपाशी उभी करून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पुडी कचऱ्यात टाकली आणि तिला भिंतीकडच्या खुर्चीत लांब बसवलं.

पुन्हा पट्टे, पुन्हा चार हुंदके, पुन्हा लाल डाग. हौसा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. ह्या वेळी चूक होऊ द्यायची नाही. ह्या वेळी आकडा खाली आला की गाडी धरायची, वाडीत जाऊन सांगायचं, पोराला काही नाही, म्हातारीनेच घोळ घातला. लोक हसतील तर हसूदेत.

आकडा खाली आला. पण पुरेसा खाली आला नाही.

डॉक्टरीणबाईंचं नाव अपूर्वा. त्यांनी दोघींना समोर बसवलं आणि घाई न करता सांगितलं. निरोगी पोराच्या घामात येतं त्याच्या कितीतरी पट मीठ समर्थच्या घामात आहे. आपल्या अंगातलं मीठ घामाबरोबर निघतं तसं बरंचसं परतही शोषलं जातं, ह्याच्यात ते परत जात नाही. त्याच दोषामुळे छातीतला कफ गोंदासारखा चिकट होतो, आणि अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही.

"मुंबईला रक्त पाठवून खात्री करून घेऊ, पण मला फारशी शंका वाटत नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार मुळापासून जात नाही. पण सांभाळता येतो. प्रत्येक खाण्याबरोबर पचनाचं औषध, वरून थोडं मीठ, रोज छाती थोपटून कफ मोकळा करायचा. आईने खायला घातलं नाही असं कोणी म्हणालं, तर माझ्याकडे पाठवा."

वेदिका रडू लागली. ते रडणं आजाराचं होतं की शेवटच्या वाक्याचं, हे हौसाला कळलं नाही.

"लग्न नात्यातलं आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माज्या भावाची लेक," हौसा म्हणाली. "काशीरामची. मीच आणली. परक्याची आणण्यापरीस आपल्या रक्ताची बरी, म्हणून."

"यात चूक कोणाची नाही, आजी. दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो, आणि त्यांना स्वतःला काहीच होत नाही, म्हणून कळत नाही. घरात आधी असं एखादं मूल गेलंय का?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आता मूठ उघडावीच लागणार होती.

"दोन गेली. रघू नि सागर. सर्वेशच्या पाठचे. असाच खोकला, असाच पोट."

वेदिकेने चमकून तिच्याकडे पाहिलं. आत्याची दोन पोरं गेली एवढंच तिला माहेरी ऐकून ठाऊक होतं, तीसुद्धा तापाने.

"मुका घेतला की खारट लागायचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मिठाच्या खड्यावानी," हौसा म्हणाली.

"आणि समर्थ?"

"ठाव नाय."

डॉक्टरीणबाईंना कळेना. "तुम्ही आजी ना त्याच्या?"

"ह्याचा मुका मी घेतलाच नाय. जन्मल्यापासून एकदापन नाय." हौसा म्हणाली. "घेतला असता तर मला तेव्हाच कळला असता. म्हनून नाय घेतला. लोक म्हनायची, म्हातारीचा काळीज दगडाचा. म्हनू दिला. मला कळून घ्यायचाच नव्हता."

बोलून ती थांबली. आता वेदिका उठेल, म्हणेल, आत्या, एवढे महिने मला बायका वाट्टेल ते बोलत होत्या आणि तुला संशय होता! म्हणावं तिने. चार शिव्या द्याव्यात, पोर उचलून चालू लागावं. तो तिचा हक्कच होता, आणि हौसाला तेच सोपं गेलं असतं.

वेदिका उठली नाही. तिने मांडीवरच्या समर्थच्या कपाळावरचे ओले केस बोटाने बाजूला केले.

"मी रोज घेते, आत्या," ती हळूच म्हणाली. "माझं हे पहिलंच ना. मला वाटलं, सगळ्यांचीच पोरं खारट लागतात."