मोहरीएवढी गोळी

"आधी पाणी प्या, मग खोटं सांगा."

दवाखान्यात अफूवाला माणूस आला की आमचे कंपाउंडरजी हेच म्हणायचे. पितळेचा पेला पुढं करायचे आणि माणूस पाणी पीत असेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे. पाणी संपलं की विचारायचे, किती घेता? माणूस म्हणायचा, थोडीशी, कधीमधी. हे मान हलवायचे, एकदम पटल्यासारखी. मग म्हणायचे, "ठीक आहे. उद्या या. उद्या थोडं कमी खोटं सांगा."

आणि माणूस यायचा हो दुसऱ्या दिवशी. मला तर त्याचीच गंमत वाटायची.

तेव्हा आमचं इंदूर मध्य भारत नावाच्या राज्यात होतं. तुकोगंजातल्या त्या सरकारी दवाखान्यात मी झाडू-पोछा करायची, बाटल्या धुवायची. कंपाउंडरजी बुटके, काळी टोपी, कानामागं पेन्सिल. कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. चालले की डबी वाजायची, म्हणून ते येतायत हे आधीच मालूम व्हायचं.

माळव्यात अफू म्हणजे काही लपवायची चीज नव्हती. सरकारी ठेक्यावर, परवान्याच्या दुकानात, मिळायची. लग्नात, सोयऱ्यांत, भांडण मिटवायला, सगळीकडं पुढं यायची. लोक अफू म्हणत नसत, अमल म्हणत. पण सरकारनं ठेके कमी करायला घेतले, तसे घेणारे घाबरले. सुटणार कशी आणि सोडवणार कोण?

कंपाउंडरजींकडं एक मिसळणाचा डबा होता, आपल्या स्वयंपाकघरात असतो तसाच. वाट्यांमध्ये हळद-तिखट नाही, दाणे. हरभरा, तूर, मूग, ज्वारी, बाजरी, मोहरी. माणसाला लिहिता-वाचता येवो न येवो, त्यानं बोट ठेवायचं, माझी गोळी एवढी. त्यानं मुगावर ठेवलं तर कंपाउंडरजी हरभरा धरायचे. मग त्याच्याच अफूच्या गोळ्या वळून द्यायचे, आठवड्याच्या मोजून. पंधरा दिवस हरभरा, पंधरा दिवस तूर, असं खाली खाली.

डॉक्टरसाहेबांना हा पोरखेळ वाटायचा. ते म्हणायचे, गोळी तेवढीच ठेवा, आतून अफू कमी करा, त्यांना कळणारही नाही. कंपाउंडरजी म्हणायचे, "साहेब, फसवून सोडवली तर परत येईल. काय सोडतोय ते त्याला दिसू द्या."

त्यांची एक कॉपी होती, लिहायची वही. बाकी सगळे आलेल्या पेशंटचं लिहितात. हे न आलेल्याचं लिहायचे. अमका आला नाही, का? संध्याकाळी घरी जाऊन विचारून यायचे. कुणाला सगळ्यांच्या समोर रांगेत लाज वाटायची, कुणाचे पाय दुखायचे. पण बहुतेकांचं एकच निघालं. दवाखाना आठला उघडायचा, अकराला बंद, आणि अमली माणूस डोळेच दहाला उघडायचा. मग त्यांनी आपलं जेवण दवाखान्यात आणायला सुरुवात केली. दुपारी दार उघडं ठेवून एकटेच डबा खात बसायचे. कोणी आलं की घास हातात तसाच, "या, पाणी प्या."

हे सगळं मी बघत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. कारण माझ्या घरात तेच होतं.

आमचे हे संस्थानच्या फौजेत, रिसाल्यात. घोड्यावरून पडले, कंबर गेली, कोणी तरी दुखण्यावर अफू दिली. दुखणं गेलं नाही, अफू राहिली. मग संस्थानं गेली, फौज मोडली. पोलोग्राउंडला एका कारखान्यात चौकीदारी मिळाली आणि फाटकाशी एक खोली. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन गेली. दुसरी तेव्हा चारची होती. रडायला वेळ लागतो, आणि माझ्याकडं दोन घरची भांडी आणि दवाखाना होता.

एक दिवस दुपारी हे फाटकाशी डुलक्या देत बसले आणि म्हैस आत शिरली. शिरली ती सरळ सेठजींच्या ऑफिसात, गादीपर्यंत. लोक हसले, सेठजी नाही हसले. म्हणाले, दसऱ्यापर्यंत अफू सुटली तर ठीक, नाही तर खोली खाली करा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्या हातून दोन बाटल्या फुटल्या. काचा कंपाउंडरजींनीच गोळा केल्या. मग पितळेचा पेला भरून माझ्यापुढं धरला.

"बाई, पाणी प्या," म्हणाले. पुढचं म्हटलंच नाही.

मी पाणी प्यायले आणि खरं सांगितलं. एक वर्षात पहिल्यांदा.

ह्यांना मी कसं आणलं ते विचारू नका. आले, पाणी प्यायले, मोहरीवर बोट ठेवलं. कंपाउंडरजींनी माझ्याकडं बघितलं, मी हरभऱ्याकडं बघितलं. तिथून सुरू झालं.

हरभऱ्यावरून तुरीवर बरं गेलं. मुगावर आले आणि ह्यांचे हाल सुरू झाले. जांभयांवर जांभया, डोळ्यांना पाणी, पिंडऱ्यांत गोळे. कंपाउंडरजी परेशान. म्हणाले, मुगावर एवढं होत नाही कोणाला. मग मला हळूच विचारलं, "बाई, तुम्ही गोळी कापता का? घाई होते बायकांना." मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की नाही. त्यांनी मान हलवली, तीच, पटल्यासारखी. माझा असा संताप झाला की त्या दिवशी मी फरशी पुसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते सायकलवर पोलोग्राउंडला आले. मी खोलीतून ह्यांचं जेवण घेऊन तिथंच आले होते. फाटकाशी हे आणि भेरूसिंग बसलेले. भेरूसिंग म्हणजे ह्यांच्याच रिसाल्यातला, शेजारच्या कारखान्यात माल उतरवायचा. ह्यांनी कागदातून गोळी काढली, नखानं दोन तुकडे केले, मोठा तुकडा तळहातावर ठेवला आणि हात भेरूसिंगपुढं धरला. त्यानं उचलला, तेव्हा ह्यांनी आपला तोंडात टाकला.

फौजेची रीतच होती ती. अमल एकट्यानं घ्यायचा नाही. समोर साथीदार असेल तर पहिला हात त्याच्यापुढं. मला रीत मालूम होती, पण दवाखान्याच्या मोजलेल्या गोळीतही हा माणूस मनुहार, असा आग्रह, करेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कंपाउंडरजींनी विचारलं, कधीपासून चाललंय हे? हे म्हणाले, पहिल्या दिवसापासून. भेरूसिंग समोर बसतो, मी काय एकटा खाऊ?

कंपाउंडरजी तिथल्या उलट्या पिंपावर बसले आणि हसायला लागले. टोपी पडली तरी हसतायत. मग म्हणाले, "अहो, मी तुम्हाला मुगावर समजून बसलोय आणि तुम्ही तर कधीचे ज्वारीवर पोचलात. आणि जिवंत आहात."

मग भेरूसिंगकडं वळले. तुम्ही किती घेता?

"मैं तो मेहमान हूँ," भेरूसिंग म्हणाला. "मेहमान को आदत नहीं होती."

निघालं असं, की ह्यांची अर्धी मिळायला लागल्यापासून त्यानं ठेक्यावरची आपली कमी करत आणली होती. दवाखान्याची अर्धी पुरते म्हणून नाही. ह्यांनी एवढीशी घ्यायची आणि आपण मोठी, हे त्याला बरं वाटेना म्हणून. दवाखान्याची पायरी न चढता तो अर्ध्यावर आलेला.

त्या दिवशी माझी माफीही मागितली कंपाउंडरजींनी. म्हणाले, बाई, मी उगाच संशय घेतला, आजची फरशी मी पुसतो. आणि पुसली. वाईट पुसली, पण पुसली.

तेव्हापासून दवाखान्यात कोणी आला की त्याला दुसऱ्या दिवशी सोबत्याला घेऊन यायला सांगायचे. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्याबरोबर बसून घेतो त्याला. म्हणायचे, जी चीज दोघांनी मिळून खाल्ली ती एकट्यानं कशी सुटेल? दुपारी बाकावर जोड्या बसायला लागल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, हा दवाखाना आहे का लग्नाचा मंडप? पण कॉपीतली न येणाऱ्यांची पानं भरेनाशी झाली, तेव्हा तेही गप्प झाले.

भेरूसिंगही ह्यांच्याबरोबर बाकावर यायला लागला होता, पण तिरका माणूस. बाजरीवर आल्यावर त्याची तबियत बिघडली, तसा चिडून म्हणाला, तुम्ही आमची सोडवताय, तुम्ही काय सोडताय? कंपाउंडरजींनी खिशातून तपकिरीची डबी काढून त्याच्या हातात दिली. तीन दिवस बिना तपकिरीचे राहिले. नाक लाल, बोलणं तिखट, बाटल्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवलेल्या. पाचव्या दिवशी बाकासमोर उभे राहून म्हणाले, "काल मी हरलो. गल्लीतल्या वाण्याकडून घेतली." सगळे अमली असे खूश झाले की विचारू नका. पुढं कोणी गोळी चुकला की लपवायचा नाही. येऊन म्हणायचा, कंपाउंडरजी, काल मी पण.

त्यांची तपकीर कधी सुटली नाही. हे मात्र खरं सांगायला पाहिजे.

मोहरीनंतर काहीच नाही, ते दिवस वाईट. हे आणि भेरूसिंग आमच्या खोलीत पडून. जुलाब, ओकाऱ्या, अंग फेकायचे. चौकीदारी मी केली, पदर खोचून, हातात ह्यांची काठी. कंपाउंडरजी रोज दुपारी यायचे, मीठ-साखरेचं पाणी पाजायचे आणि त्यांच्यात बसून पत्ते खेळायचे. इतकी वाईट लबाडी करायचे की मरायला टेकलेला भेरूसिंगही उठून बसायचा आणि त्यांचा हात धरायचा.

दसऱ्याला सेठजी फाटकाची पूजा करायला आले. हे उभे होते, काठीला टेकून, पण डोळे उघडे. सेठजींनी नीट निरखून बघितलं, हातात आपट्याची पानं दिली, म्हणाले, खोली राहू द्या. मी मनात म्हटलं, झालं. कंपाउंडरजी म्हणाले, झालं नाही. "वर्ष जाऊ द्या, बाई. वर्षाच्या आधी सुटली म्हणायचं नाही."

वर्ष व्हायचं होतं, तेवढ्यात मध्य भारत गेला आणि मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या इकडच्या तिकडं, माणसं तिकडची इकडं. कंपाउंडरजींची बदली मंदसौरला. जिथं शेताशेतात अफू उभी असते, तिथं. त्यांनाच हसू आलं. म्हणाले, आता मुळाशीच पाठवतायत.

दुपारच्या गाडीनं गेले. हे आणि भेरूसिंग स्टेशनवर पोचवायला गेले. मी कामावर होते. शेवटचं काय बोलले, मी ऐकलं नाही.

संध्याकाळ झाली, हे परत आले नाहीत. दिवा लागला तरी नाही. मला कळलंच. मुलीला शेजारणीकडं ठेवलं आणि सरळ ठेक्यावर गेले. बाई माणूस ठेक्यावर म्हणून लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

ठेकेवाल्याला विचारलं. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "आले होते ना दोघं. घेतली काही नाही. माझं रोजचं गिऱ्हाईक मात्र उठवून घेऊन गेले."

मी परत आले. फाटकाशी तिघं बसलेले. मध्ये एक म्हातारा टांगेवाला, डोळ्यांना पाणी, जांभया देतोय. भेरूसिंग त्याचे पाय चेपत होता आणि हे त्याला विचारत होते, किती घेता? म्हातारा म्हणत होता, थोडीशी, कधीमधी. ह्यांनी मान हलवली.

मला बघितलं तसे म्हणाले, "अगं, जेवायला तिघं आहोत."

मी आत गेले आणि परातीत आणखी चार मुठी पीठ घेतलं.