किंचित ढील

घरी ती थोरली सून, प्रयोगशाळेत टाकेवाली. केसाचे उभे पंधरा भाग करावेत, त्यातला एक, एवढी बारीक तार दोन सुयांच्या टोकांवर वितळत्या धातूचा टाका मारून बसवायची. मायक्रोस्कोपखाली, श्वास रोखून. बावीस वर्षं हेच. त्या तारेत वीज सोडून ती तापवतात, वारा तिला गार करतो, आणि तिची धग टिकवायला किती वीज लागली त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. तारेच्या बाबतीत थोरली म्हणेल ती पूर्वदिशा.

मग धाकटी आली. दिराची बायको म्हणून घरात आली ते एक वेळ चाललं. ही पदवी घेऊन प्रयोगशाळेतही आली. तिच्या नव्या सर्किटमुळे सेकंदात हजारदा बदलणारा वारासुद्धा टिपता येणार होता. साहेब चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी रेंगाळू लागले. सासूबाई जेवताना म्हणाल्या, "आमच्या धाकटीचं यंत्र!" 'आमच्या थोरलीची तार' असं बावीस वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. थोरलीच्या पोटात दुखू लागलं. याला स्वाभिमान वगैरे म्हणू नये. मत्सर तो मत्सर.

धाकटीने तार मागितली ती चिठ्ठी लिहून: 'किंचित ढील ठेवावी.'

"माझ्या हातची तार ढिली नसते."

"जाऊबाई, वाऱ्यात सुया थरथरतात. तार ताठ असली की ती ताणली जाते, आणि तो ताणही वारा म्हणून मोजला जातो."

"बरं बाई. आता तू शिकव मला."

आणि थोरलीने तार बसवली ती मुद्दाम ताठ, नेहमीपेक्षाही ताठ.

चाचणीत पडद्यावरच्या रेषेला एक बारीक कंप सुटला, एका सुरात, थांबेचना. शुक्रवारी पाहुण्यांसमोर यंत्र दाखवायचं होतं. धाकटी तीन दिवस सर्किट उसवत होती, जोडत होती. साहेबांचा चहा बंद झाला. पहिल्या दिवशी थोरली दोन घास जास्तच जेवली.

गुरुवारी दुपारी धाकटी म्हणाली, "उद्या जुनंच सर्किट दाखवणार आहेत. माझं गुंडाळा म्हणाले."

"तार बघितलीस?" थोरलीच्या तोंडून निसटलं.

"ती काय बघायची? तुमच्या हातची आहे."

त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. "आण इकडे," थोरली म्हणाली आणि मायक्रोस्कोपपाशी बसली. पण ढील द्यायची सवय हाताला होती कुठे? पहिली तार ताठच बसली. दुसरी तुटली. श्वास रोखला की हात ओढतो, हे तिला या वयात कळलं. तिसरा टाका तिने श्वास सोडत मारला.

तासाभरात रेषेतला तो सूर गेला. राहिले ते वाऱ्याचे खरे झटके. धाकटी आधी रेषेकडे बघत राहिली, मग जावेकडे.

"ढील मागितली होतीस. मी दिली नव्हती. मुद्दाम."

"तीन दिवस, जाऊबाई!"

"हो, तीन दिवस. भांडण घरी कर, सासूबाईंसमोर कर. आत्ता त्या चिठ्ठीवर 'किंचित' म्हणजे किती ते आकड्यात लिही. उद्याला एक जादा तार लागेल."

तेवढ्यात साहेब कप घेऊन आले आणि धाकटीच्याच टेबलापाशी थांबले.

"साहेब," थोरली मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाली, "तार इकडे तयार होते."