रुखमामायचा फोन

फुलसावंगीच्या आमच्या विहारातली अभ्यासिका रुखमामाय झाडते. तिला कुणी सांगितलेलं नाही. झाडून झालं की दुपारी चारला पायरीवर बसते आणि पिशवीतून लेकीचा जुना फोन काढते. त्यात सिम नाही, तो अभ्यासिकेच्या वायफायवरच चालतो. पुण्यात नर्स असलेली ही लेक, उर्वशी, त्याच वेळी व्हिडिओ कॉल करते.

ते वायफाय मी सांभाळतो. कॉम्प्युटर शिकून आलेला वस्तीतला मी एकटा, त्यामुळे अंगात शहाणपण जरा जास्तच. पौर्णिमेच्या वंदनेनंतर मी नवा पासवर्ड सांगायचो. चुकीचा पासवर्ड घेऊन कुणी तीनदा आला की दिवसभर बंदी. बंदीत पुन्हा आला की आणखी एक दिवस. हा प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला, म्हणून कौतुकही फार.

परवा रविवारच्या बैठकीत मी उठून सांगितलं, "कोनीतरी चोर आपलं वायफाय फोडून राह्यला. बारा दिवसांत बाराशे वेळा आला. म्या एकदाही आत येऊ देल्ला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या रुखमामायनेही वाजवल्या.

काल चारला ती पायरीवर दिसली, फोन मांडीवर घेऊन.

"काय झालं माय?"

"उर्वशीचा फोनच येत नाही रे. मांगच्या खेपेले म्या लग्नाचं बोलली होती. राग आला असन पोरीले."

मी फोन हातात घेतला. पासवर्ड जुनाच. पौर्णिमेला ती दारव्ह्याला बहिणीकडे गेली होती, नवा तिला कुणी सांगितलाच नव्हता. ती इथे आली की फोन आपणहून जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत बसायचा, आणि माझा प्रोग्राम बंदी वाढवत जायचा. काखेत कळसा अन् गावाला वळसा. माझे कान तापले, तिच्याकडे बघवेना.

"मशीन बिघडली होती, माय," मी खोटं बोललो आणि बंदी उठवून फोन जोडून दिला.

लगेच उर्वशीचा कॉल आला. "माय, कुठं होती तू? मले वाटलं तुले काही झालं," म्हणत पोरगी रडत होती.

बोलणं आटोपल्यावर रुखमामायने फोन पिशवीत ठेवला.

"भीमराज, तो चोर सापडला का रे?"

"सापडला."

"मारू नोको त्याले. त्याचंही कोनी असन दूर. बोलाचं असन बिचाऱ्याले."

येत्या पौर्णिमेला सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवलंय. रुखमामाय पुढच्याच रांगेत बसते.