हुकाशिवायची फ्लीगे

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण आखनमधल्या निम्म्या मराठी मंडळींना ते कुठून ना कुठून कळलंच आहे, तर खरी हकीकत माझ्याच तोंडून ऐका. कप तेवढा खाली ठेवा, चहा अंगावर सांडेल.

गोष्ट दोन हजार बारा-तेराची. जर्मनीतल्या या आखनजवळच्या एका गिअरबॉक्सच्या कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर होतो. नोकरी कराराची, मार्चमध्ये संपणारी. ती कायम झाली तर आखन, नाहीतर मी आणि बायको मृदुला बाडबिस्तारा गुंडाळून परत कोथरूडला. आणि हे ठरवणार होते आमचे साहेब, हेर श्मिट्झ, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत श्मिट्झ. उंच, मोजकं बोलणारे, आणि मिशीमुळे हसले की रागावले हे न कळणारे.

जानेवारीत एकदा कॉफी मशीनपाशी ते आपणहून माझ्याशी बोलले. हाच पहिला धक्का.

"हेर देवधर, पुढच्या महिन्यात आम्ही केनियाला जातोय. त्यासाठी शनिवारी फ्लीगेन बांधायला बसणार आहोत. तुम्हाला येते का फ्लीगे बांधता?"

माझं जर्मन तेव्हा बी-वन पास. म्हणजे डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगता येतं, कसं दुखतंय ते विचारलं की बोंब. 'एक मिनिट' म्हणून मी टॉयलेटमध्ये गेलो आणि मोबाइलवर डिक्शनरी उघडली. फ्लीगे: एक, माशी. दोन, बो-टाय.

आता तुम्हीच सांगा, माशी कोणी बांधतं का?

म्हणजे बो-टाय. म्हणजे केनियात नवीन प्रोजेक्ट, मोठमोठ्या लोकांबरोबर जेवणं, आणि साहेब मला विचारतायत! मी बाहेर आलो आणि छातीठोकपणे म्हणालो, "गेनाऊ, अगदी. येते की."

त्या आठवड्यात मी काळ्या सिल्कचा बो-टाय आणला आणि रोज आरशासमोर उभा राहून व्हिडिओ बघत बांधत बसलो. पहिल्या दिवशी गळफासच बसला. मृदुला म्हणाली, "अरे, कशासाठी ते साहेबांना नीट विचार तरी." मी म्हटलं, "विचारलं तर त्यांना वाटेल मला येत नाही." तिने पुण्याला फोन केला आणि संध्याकाळी सासूबाई लाइनवर. "जावईबापू, आफ्रिकेला निघालात म्हणे. सिंहांपासून जपा हं. आणि टोपी घाला."

गुरुवारी कँटीनमध्ये हेर श्मिट्झ माझ्यासमोर येऊन बसले.

"मग, बांधताय का?"

"रोज बांधतो. आरशासमोर."

त्यांचा काटा हवेत थांबला. "आरशासमोर? बरं. धागा कुठला?"

"सिल्क. काळं."

"जुनी पद्धत. छान. आणि हुक कुठला वापरता?"

हे मला माहीत होतं. तयार मिळणाऱ्या स्वस्त बो-टायना मागे हुक असतो. मी जरा तुच्छतेनेच म्हणालो, "हुकवाली मी वापरतच नाही. हुकाशिवाय बांधतो."

"हुकाशिवाय?" साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कोरडी की ओली?"

काय प्रश्न! "अर्थात कोरडी. ओली कोण बांधेल?"

त्यांनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. मला वाटलं, झालं काम. मार्चची काळजी मिटली.

शनिवारी काळा सूट, पॉलिश केलेले बूट आणि गळ्यात बो-टाय असा मी आयफेलच्या डोंगरातल्या एका गास्टहाउसच्या मागच्या खोलीत शिरलो. आत जुने स्वेटर घातलेली दहा-बारा माणसं. एकाने मला वेटर समजून, न बघताच सांगितलं, "एक पिल्स बिअर द्या."

टेबलांवर छोटे शिकंजे लावलेले. त्यात हुक. भोवती कोंबड्याच्या माना पिसांसकट, सशाची लव, मोराचं पीस. क्षणभर मला वाटलं, इथे काळी जादू चालते.

भिंतीवर एक फोटो होता. त्यात हेर श्मिट्झ कमरेपर्यंत रबरी पँट घालून एका ओढ्यात उभे, हातात ठिपक्यांचा मासा. "केनिया," ते माझ्या शेजारी येऊन म्हणाले. "उंच डोंगरातले ओढे. पाणी बर्फासारखं. इंग्रजांनी पूर्वी त्यात ट्राउट आणून सोडले. त्यांना गांडूळ लावून नाही पकडायचं. हुकावर पिसांची खोटी माशी बांधायची आणि पाण्यावर अलगद टाकायची. पाण्यावर तरंगते ती कोरडी, बुडते ती ओली."

माशी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे माशी खरंच बांधतात! आणि आफ्रिकेत ट्राउट! सिंह नाहीत, प्रोजेक्ट नाही, जेवणं नाहीत.

मी काही बोलणार इतक्यात साहेबांनी टाळी वाजवली. "मित्रांनो, हे हेर देवधर. हे हुकाशिवाय बांधतात. आरशात बघून. आज आपल्याला करून दाखवतील."

सगळे खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसले. एकाने चष्मा पुसला.

काय करणार? मी गळ्यातला बो-टाय सोडला. पुन्हा बांधला. आरशाशिवाय. आयुष्यात इतका सरळ कधी बसला नव्हता.

चष्मा पुसणाऱ्याने तो काढून पुन्हा पुसला. मला डोळ्यांसमोर कोथरूड दिसायला लागलं.

हेर श्मिट्झ पुढे वाकले, दोन बोटांनी बो-टाय चाचपला आणि म्हणाले, "कोरडी आहे." मग त्यांची मिशी हलायला लागली, आणि खोली जी हसत सुटली ती थांबेना. जाताना त्यांनी माझा बो-टाय मागून घेतला.

मार्चमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोटो दाखवला. ट्राउटच्या जबड्यात काळ्या सिल्कची माशी, माझ्या बो-टायचे धागे उसवून बांधलेली. "आठवडाभर आरशासमोर उभा राहून हे शिकणारा माणूस मी सोडणार नाही," म्हणाले, आणि कायमचा करार पुढे सरकवला. "पुढच्या महिन्यात माझा साठावा वाढदिवस आहे, हॉटेलमध्ये. बायकोला घेऊन या. आणि हो, फ्लीगेसकट या."

मृदुला म्हणाली, "अरे, या वेळी तरी विचार." पण विचारायला मी काय पूर्वीसारखा अडाणी राहिलो होतो?

हॉटेलचं दार उघडलं. झुंबरं, व्हायोलिन, आणि झाडून सगळे पुरुष बो-टायमध्ये. मी चौकड्यांच्या शर्टात, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि खिशाला टाचलेली, खास शिकून स्वतः बांधलेली माशी.

हेर श्मिट्झनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोरडी की ओली, हेर देवधर?"

मानेवरून घाम ओघळत थेट बुटात चालला होता. मी म्हटलं, "ओली."