जिन्यातल्या दिव्याची वायर

‘मेन बंद न करताच त्यांनी वायरला हात घातला. स्वतःच्या ज्ञानावरचा फाजील विश्वास नडला.’ मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या शोकसभेत सेक्रेटरींनी हे वाक्य उच्चारले आणि माना डोलल्या. त्यांत अरूच्या मुलाची, समीरचीही मान होती. माझा वाद त्या एका मानेशी आहे. बाकीच्यांनी काय वाटेल ते समजावे.

अरविंद, म्हणजे अरू, माझा तरुणपणापासूनचा शेजारी. वीज कंपनीत आयुष्य काढलेला, बढाईखोर, आणि त्या बढाईला पात्र. मी संस्कृतचा मास्तर. मला वीज कळत नाही याचा त्याला विलक्षण आनंद होई. “काय रे पंडित, वीज नळाच्या पाण्यासारखी सांडते असं वाटतं तुला? तिला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. फेरी तुटली की ठप्प. पण तीच फेरी तू तुझ्या अंगाने जोडलीस, की मग बोंबला.” मी म्हणे, “तुझ्यापेक्षा शहाणी दिसते, वेळेवर घरी परतते.” यावर तो हसून माझ्याच कपातला उरलेला चहा संपवी... आता तो मलाच संपवावा लागतो.

त्या दुपारी जिन्यातल्या दिव्याचा होल्डर बदलायला तो स्टुलावर चढला होता. मेनचा फ्यूज काढलेला होता की नव्हता, यावर आज तीन माणसांच्या तीन आठवणी आहेत. समीर मला म्हणाला, “काका, आता उकरून काय मिळणार? बाबा कोणाचं ऐकायचेच नाहीत.” मी म्हणालो, “माणसांचं ऐकत नसे, खरं आहे. टेस्टरचं ऐकत असे. तो लावल्याशिवाय त्याने कधी वायरला बोट लावलं नाही.” समीर घड्याळ बघून उठला. ते उठून जाणे मला पटलेले नाही.

नंतर जिन्याच्या भिंतीवरची, वायरी झाकणारी पट्टी मी उघडवली. अंधारात ज्येष्ठांची सोय व्हावी म्हणून सेक्रेटरींनी आपल्या इन्व्हर्टरची एक वायर त्या दिव्याला जोडून घेतली होती. हेतू चांगला, अरूला मात्र सांगितले नव्हते. तो भांडला असता, म्हणूनच नसेल सांगितले. बाहेरची वीज असेपर्यंत ती वायर मुकी राही आणि टेस्टरलाही काही सांगत नसे; बाहेरची गेली, की बॅटरीतली वीज त्या वायरीतून धावू लागे.

मेन चालू होते, असे घटकाभर मीही मानतो. पण मी बाजारातून परतलो तेव्हा लिफ्ट बंद होती, म्हणून जिना चढलो, आणि स्टुलाशेजारी पडलेला अरू आधी मलाच दिसला. पुढच्या धावपळीत दिवे केव्हा आले, हे कोणाच्या लक्षातही नाही. समीर, मेनमधून वीज येणार कुठून? त्या वेळी आपल्या सबंध गल्लीची वीज गेलेली होती.