ताईच्या स्लाइड आणि माझी टकळी

माझ्या ताईइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी कौतुकानेच सांगतोय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे कुणी ‘नको’ म्हटलं तर ते तिच्यापर्यंत पोचतच नाही, असं आमचे वडील म्हणायचे. खरं तर चांगलं पोचायचं. ती फक्त मान फिरवून घ्यायची. समोरच्याच्या ओठांकडे आणि हातांकडे पाहिलं नाही की तिच्यापुरता वाद संपला. ही सोय आम्हा बाकीच्यांना नाही.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वडिलांच्या मागे दुकान ताईच चालवते. मी गिऱ्हाइकांशी बोलतो, सुटे भाग आणतो, पंक्चर काढतो. अवघड कामं तिची, त्यातही चाकाचा आऊट काढणं खास तिचं. चाक खड्ड्यात आपटलं की ते डुगडुगत फिरायला लागतं. मग एखादी तार जराशी आवळून, एखादी सैल करून ते पुन्हा सरळ करायचं, याला आऊट काढणं म्हणतात. बाकीचे मिस्त्री तारेवर टिचकी मारून आवाज ऐकतात. ताई शेजारच्या दोन तारा चिमटीत धरून दाबते, आणि कोणती ढिली आहे ते तिला कळतं. मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

घरात सगळं तिच्या सोयीचं आहे. दाराची बेल वाजत नाही, दिवा लागतो. फोन थरथरतात. टीव्ही आणि टॅब यांचा आवाज कायम शून्यावर असतो, कारण तो वाढवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. जेवतानाही आम्ही हातांनीच बोलतो, त्यामुळे माझं जेवण रोज गार होतं. खुणांच्या भाषेत माझं नाव असं आहे: अंगठ्यावर चार बोटं पटापटा आपटायची, बदकाच्या चोचीसारखी. ताईने हे नाव मला मी लहान असतानाच ठेवलं. ऐकू येत नसूनही माझ्या तोंडाचा पट्टा तिला सगळ्यांत आधी दिसला होता.

तर यंदा गावातल्या तंत्रशिक्षण केंद्रात सायकल दुरुस्तीचा वर्ग निघणार असल्याचं कळलं. त्यांना शिकवणारं माणूस हवं होतं. ताईने कितीदा तरी बोलून दाखवलं होतं की तिला शिकवायचंय. चाकं सरळ करून झाली, आता माणसं तयार करायचीत, असं म्हणायची. आम्ही दोघं केंद्राच्या प्राचार्यबाईंना भेटायला गेलो. बाई भल्या होत्या. ताईच्या खुणा मी बोलून सांगितल्या ते सगळं ऐकून घेतलं, ताईने सरळ केलेलं चाक हातात घेऊन पाहिलं, आधी नमुन्याचा एक धडा घेऊन दाखवा म्हणाल्या, आणि मग मला विचारलं, “पण वर्गात रोज तुम्ही सोबत असणार का?”

ताईने ते ओठांवरून वाचलं. परतताना रस्ताभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानात आल्यावर हातातला पाना आपटला आणि म्हणाली, “नमुन्याचा धडा मी एकटी घेणार. तू शेवटच्या रांगेत बसायचं. हात खिशात.”

“आणि तू शिकवणार कशी?” मी विचारलं.

तिने फळीवरचा टॅब काढून माझ्यासमोर धरला. “हा शिकवेल. स्लाइड करायच्या. प्रत्येक स्लाइडमध्ये माझ्या हाताचा व्हिडिओ, खाली अक्षरं. बोलायला कुणी नको.”

मला आधी हसू आलं, मग हुरूप आला. तोवर त्या टॅबवर आम्ही हवामान आणि सायकलच्या शर्यती सोडून काही पाहिलं नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बाकावर बसलो. अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं की यादी उघडते, त्यात व्हिडिओ निवडायचा, आपण काढलेल्यातला एक उचलायचा, इतकंच होतं. पण पहिल्यांदा चुकून न छाटलेला अख्खा व्हिडिओ घातला गेला, त्यात ताईच्या कोपराशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा टॅब उभा धरून काढलेला व्हिडिओ स्लाइडच्या मधोमध दाराच्या फटीसारखा बसला. तिसऱ्यांदा मात्र आडवा काढला, कोपरे धरून ताणला, आधीचा आणि नंतरचा फापटपसारा छाटला, ‘आपोआप सुरू’ वर टिचकी मारली, आणि पुढच्या स्लाइडवर गेलो तर चाक फिरायला लागलं. कागदासारख्या त्या पांढऱ्या चौकटीत आमचं चाक, वर ताईची बोटं, आणि खाली तिने लिहिलेलं, ‘तार पाव फेरा आवळा’.

ताई बाकावरून उठली. स्लाइड मागे घेतली, पुन्हा मागे घेतली आणि सुरुवातीपासून पाहिलं. मग समोरच्या शिवणकामवालीला हाताला धरून ओढत आणलं आणि तिलाही दाखवलं. इतकं हरखलेलं मी तिला क्वचितच पाहिलं होतं. मलाही राहवेना. आम्ही त्या दिवशी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही.

पुढचे दिवस नुसता धडाका. ताई चाक घेऊन बसायची आणि मी टॅब दोन्ही हातांनी धरून उभा. आता गंमत बघा. माझे हात अडकलेले म्हणजे ताईशी बोलणं बंद. तिची नजर तर चाकावर. पण माझं तोंड मोकळंच होतं, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. टॅबमागे उभा राहून मी मनात येईल ते बोलत होतो. कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून जरा जास्तच. संध्याकाळी आम्ही दोघं व्हिडिओ छाटायला बसायचो, ते अर्थातच आमच्या घरच्या रीतीने, आवाज शून्यावर. टॅबला आवाज असतो हे मी साफ विसरलो होतो.

धड्याच्या दिवशी केंद्राची मोठी खोली भरलेली होती. पुढे प्राचार्यबाई आणि दोन परीक्षक, मागे वर्गात नाव घातलेली मुलंमुली, थोडी मोठी माणसंही. मी शेवटच्या रांगेत, हात खिशात. केंद्राच्या एका माणसाने टॅबला वायर जोडली, आवाज वाढवला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. ताईने इस्त्रीचा सदरा घातला होता. तिने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि पहिली स्लाइड पुढे सरकवली.

पडद्यावर चाक फिरलं, आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून माझा आवाज खणखणीत आला.

“ताई, कोपर काढ मधून. कोपर, कोपर. आता हिला सांगू कसं, माझेच हात अडकलेत.”

वर्ग खुदकन हसला. ताईला हसणं दिसलं, पण ते सुरुवातीचं साधं हसणं वाटलं असावं. ती पुढे गेली. दुसरा व्हिडिओ सुरू झाला, खाली अक्षरं आली, ‘आता दोन तारा चिमटीत धरून दाबा’, आणि त्यावर मी म्हणत होतो, “भूक लागलीय. ही बया चाक सोडेल तर शपथ. आणि त्या केंद्रातल्या बाई मला विचारतात, तुम्ही सोबत असणार का. सोबत! हिला कोण लागतंय सोबत?”

खोलीत हसण्याचा फवारा उडाला. प्राचार्यबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. जिने माझं तोंड बाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिच्याच धड्यात मी सगळ्यांत मोठ्याने बोलत होतो, आणि तेही असलं. ताईची नोकरी मी माझ्या जिभेने घालवली होती.

ताई थांबली. तार दाबण्यात हसण्यासारखं काही नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग बाजूच्या स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. खोकं थरथरत होतं. आणि सावकाश मान वर करून थेट शेवटच्या रांगेकडे पाहिलं. हात बाहेर काढायचे नाहीत असं कबूल केलेलं. मी फक्त मान हलवली. तिने अख्ख्या वर्गासमोर हात उंच केला आणि माझ्याकडे बघून बदकाची चोच केली.

मग तिने टॅबच्या कडेचं बटण दाबून धरलं. माझा आवाज विझला. तिने एक कोरी स्लाइड घेतली आणि बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं. पडद्यावर एकेक शब्द उमटत गेला. ‘माफ करा. मागे माझा भाऊ बोलत होता. लहानपणापासून त्याचं बंद करायचं बटण शोधत होते. आज सापडलं.’

त्यानंतर जे हसणं झालं ते तिचं होतं. ते ओसरेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली, एखाद्या जुन्या मास्तरणीसारखी. पुढे सगळा धडा शांततेत झाला. व्हिडिओ चालू, खाली अक्षरं, आणि समोर खरं चाक घेऊन ताई. दुसऱ्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलीने खाली मान घालून काहीतरी विचारलं. ताईने टेबलावर थाप मारली आणि आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, म्हणजे ‘माझ्याकडे बघून विचार.’ मुलीने पुन्हा विचारलं, नीट, समोर बघून. ताईने तिला पुढेच बोलावलं, तिची बोटं धरून तारांवर ठेवली आणि दाबली. मुलगी थोडा वेळ गोंधळली, मग तिचा चेहरा उजळला. ढिली तार तिला सापडली होती. तिने ती आवळली, चाक फिरवलं, आणि ते सरळ फिरलं. टाळ्या पडल्या. मी खिशातल्या खिशात मुठी आवळून बसलो होतो.

शेवटी प्राचार्यबाई उठल्या. ताईच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू, स्पष्ट म्हणाल्या, “सोमवारपासून याल?” यावेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ताईनेही नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात खिशातच.

दुकानात आल्यावर ताईने दार लावून घेतलं, टॅब बाकावर ठेवला आणि मला समोर बसवलं. “आता सांग. पहिल्यापासून. काय काय बोललास?”

मी सांगितलं. कोपर, भूक, बाईंची सोबत. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने शेवटची स्लाइड उघडली, जी वर्गात कुणी ऐकली नव्हती. आवाज पूर्ण वाढवला, टॅबच्या तळाशी तळहात टेकवला आणि व्हिडिओ संपेपर्यंत हलली नाही.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“काही नाही. भूक लागली असंच म्हणत होतो.”

“भूक लागली एवढं लांब नसतं.”

मी इकडेतिकडे पाहिलं. मान फिरवून घ्यायची सोय मला नाही, हे मी सांगितलंच आहे. मग मी हातांनी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. की तुला हे काम मिळू दे, मला दुसरं काही नको. की लोकांना वाटतं मी तुला लागतो. पण तू वर्गावर जायला लागलीस की दिवसभर दुकानात मी एकटा राहणार, आणि मला त्याचीच भीती वाटते. की एवढा बडबड्या असून ही एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण तुला सांगायची तर तुझ्या डोळ्यांत बघून सांगावी लागते.

ताई बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली, ते थांबले तरी. मग ती उठली. कोपऱ्यातून चाक अडकवायचा जुना लोखंडी स्टँड आणला, त्याला टॅब दोरीने बांधला आणि हलवून बघितला. पक्का होता.

“पुढच्या धड्यांचे व्हिडिओ रविवारी काढू,” ती म्हणाली. “टॅब इथे राहील. तुझे हात मला मोकळे लागतात.”