वामनकाका आणि आमचा पहिला वाफा

वामनकाकांना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

हे वाचून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या, निम्म्या मराठी मंडळींना धक्का बसेल. तुमच्या बॅकयार्डमधली वांगी, दुधी, मिरच्या काकांच्याच सल्ल्याने आल्यात, माहितेय मला.

पण आज काकांना जाऊन एक वर्ष झालं. आता सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. दुपारी बेल वाजली. दारात सत्तरीचे एक गृहस्थ, कानटोपी घातलेले, हातात बियांची पाकिटं.

"तुमच्याकडे ऊन पडते का जी?"

हे आमच्या मागच्या स्ट्रीटवरच्या सुजाताचे बाबा. काकू गेल्यावर सुजाताने त्यांना नागपूरहून इकडे आणलं होतं. तिच्या घरामागे उंच पाइनची झाडं, दिवसभर सावली. म्हणून काका आठवडाभर फिरून कोणाच्या अंगणात किती वेळ ऊन असतं ते बघत होते.

आमच्याकडे सहा तास. सगळ्यात जास्त.

मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात सात वर्षं इंजिनिअर, इथे काम करायची परवानगी नाही. दिवसभर सोफा आणि फोन. अमितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, न सांगता मी पुण्याचं तिकीट बघायला लागले होते.

एकटीचं. वन-वे.

"काका, घ्या ना, सगळं अंगण घ्या," मी म्हटलं.

"सगळं नको. एक वाफा पुरे. निभला पाहिजे ना."

इथली लाल चिकणमाती इतकी घट्ट की फावडं आपटून परत येतं. शेवटी फळ्यांची चौकट ठोकली, अमितने त्यात माती आणि कंपोस्टची पोती ओतली, आणि मस्त उबदार दिवस बघून आम्ही टोमॅटोची सहा रोपं लावली.

एप्रिलमध्ये एका रात्री फ्रॉस्ट पडलं, दवाचा बर्फ झाला. सकाळी बघतो तर सहाही रोपं काळी.

मी रडवेली. "काका, तुम्ही गावाकडचे, तुम्हाला कसं कळलं नाही?"

"गाव कोणतं बेटा? मी चाळीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलली. माती फक्त चपलेला लागली."

"मग हे भाज्यांचं खूळ कुठून?"

"सुजाताची आई गॅलरीत लावायची. मी नुसता ओरडायचो, पाणी सांडून राहिली म्हणून."

मग तेच आधी हसले. मग मी. त्या काळ्या रोपांसमोर बसून पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

नवी रोपं आणली. तीही पिवळी पडायला लागली. खत घालू? जागा बदलू? माझी घाई.

"एका वेळी एकच गोष्ट बदल," काका म्हणाले. "नाहीतर फॉल्ट कुठं होता ते कधीच समजत नाही."

फॉल्ट माझ्यात होता. मी प्रेमाने दिवसातून दोनदा पाणी घालत होते. मग ठरलं, मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. काका बोट वर काढून असे निरखायचे, जणू इंजिन ऑइल बघतायत. थोड्याच दिवसांत हिरवी पानं फुटली.

कोथिंबीर ऐन उन्हाळ्यात पेरली, ती लगेच फुलावर गेली. मेथी सशांनी खाल्ली.

पण भेंडी! तिला इथला उन्हाळा म्हणजे माहेर.

पहिल्या तोडणीला सात भेंड्या. जेवायला माणसं चार. काकांनी स्वतः चिरली, परतली, प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन चमचे वाढली. सुजाता जेवता जेवता उठून आत गेली. नंतर मला म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा किचनमध्ये पाय ठेवत नव्हते गं."

मग भेंडी आवरेना. काका पिशवी घेऊन दारोदार! समोरच्या डॉनाआजींना त्यांनी खुणा करून अर्धा तास समजावलं, ही भाजी कशी खायची. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी मक्याच्या पिठात तळलेल्या भेंडीची प्लेट घेऊन हजर. "हनी, आय ग्रू अप ऑन ओक्रा!" म्हणजे आजी लहानपणापासून भेंडीवरच वाढलेल्या.

"अरे, हिला पहिलेच विचारायला पाहिजे होतं," काका म्हणाले. पुढच्या वर्षी टोमॅटो कधी लावायचे, ते डॉनाआजींनीच सांगितलं.

एकदा काका नागपूरच्या जुन्या मित्रांना नेहमीसारखा 'जय भीम' करून व्हिडिओ कॉलवर वाफा दाखवत होते. फोन माझ्याकडे फिरवला.

"ही माझी पार्टनर. इंजिनिअर आहे."

दोन वर्षांत मला कोणी इंजिनिअर म्हटलं नव्हतं.

तिकीट बघणं त्या दिवशी बंद झालं.

पुढच्या वसंतात लोक विचारायला यायला लागले. शनिवारी आमच्या ड्राइव्हवेवर काकांचा क्लास. "एकच वाफा. तीनच भाज्या. घरात खातात त्याच लावा." कोणी विचारायचं, "काका, पिढीजात शेती का तुमची?" की काका माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर, खुर्चीतच गेले. हार्ट. त्रास झाला नाही.

आज सकाळी सुजाता आली. तिचा औषध कंपनीतला जॉब, ड्राइव्ह, मुलं, या सगळ्यात वाफ्याकडे तिने कधी नीट बघितलंच नव्हतं.

"मला पण शिकव यार. अगदी पहिल्यापासून."

थंडीआधीचा मुळा आणि पालक पेरायला घेतला. तिने मुळ्याचं अख्खं पाकीट एकाच ओळीत ओतलं आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं.

मी पाण्याची झारी तिच्या हातात दिली. विरळणी, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं उपटणं, पुढच्या आठवड्यात शिकेल.

वामनकाका, तुमच्यासोबत फार मजा आली हो. मनापासून निरोप.

जय भीम.